काढून ठेवलेलं दूध शिळं नसतं, पण परभणीच्या उन्हात हिशेब वेगळा लागतो

प्रश्न थोडक्यात सांगते. परभणीची एक ताई, पहिलंच लेकरू, अडीच महिन्याचं. कॉलेजात सीएचबीवर शिकवते, म्हणजे तास घेतले तर पैसे, नाही घेतले तर नाही, त्यामुळं पंधरा दिवसांत परत रुजू व्हायचंय. कॉलेज गंगाखेडला, एसटीनं जाणं-येणं, सकाळी साडेआठला घर सोडलं की संध्याकाळी पाचला परत. लेकरू सासूबाई सांभाळणार, पण त्या म्हणायल्यात की काढून ठेवलेलं दूध शिळं असतं, बाधतं, त्यापेक्षा गाईचं दूध पाणी घालून पाजू. फ्रीज एका दरवाज्याचा, लाईट जात-येत असते. नणंदेचा इलेक्ट्रिक पंप घरात पडून आहे, तो वापरू का. आणि शेवटी लिहिलंय की दोनदा हातानं काढून बघितलं तर वाटीचा तळ सुद्धा झाकला नाही, म्हणजे मला दूधच कमी आहे का.

मी शेवटून सुरू करते, कारण रडू तिथंच आलेलं दिसतंय. वाटीचा तळ झाकला नाही म्हणजे दूध कमी, असं अजिबात नाही माय. लेकरू ओढतं ते वेगळं आणि हात काढतो ते वेगळं. पहिल्यांदा बसल्यावर १५-२० मिली निघालं तरी चांगलंच म्हणायचं, काहींचे नुसते थेंब निघतात, रोज ठरल्या वेळेला आठवडाभर बसलं की हात बसतो. दूध पुरतंय का हे वाटीत बघायचंच नसतं, लंगोटात बघायचं. दिवसरात्र मिळून ६ किंवा जास्त वेळा फिकट रंगाची लघवी होते का, आणि वजन चढतंय का. जन्माला २.८ किलो होतं ते आता ४.९ झालं असं तूच लिहिलंयस, मग ते २ किलो आले कुठून, तुझ्याच अंगावरचे ना?

आता सासूबाई. मी २६ वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यातली बरीच नवजात बालकांच्या वॉर्डात, आणि आता फक्त बाळंतिणींना दूध पाजायचं शिकवते, तर एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली की सासूला डॉक्टरचा कागद दाखवून काही होत नाही, तिला गोठ्यातलं विचारावं. तुझ्या सासरी म्हशी होत्या असं लिहिलंयस, मग त्यांना हे सगळं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त ते बाईला लागू होतं हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

विचार त्यांना, धार काढायची वेळ चुकवली, दोन-चार दिवस सड पूर्ण रिकामे केले नाहीत तर काय होतं? म्हैस आटते. बाईचं तेच. दूध काढलं गेलं की शरीर तेवढं परत बनवतं, साचून राहिलं की बनवणं कमी करतं. म्हणून कॉलेजात असताना दोनदा दूध काढणं हे फक्त लेकराच्या उद्याच्या जेवणासाठी नाही, तुझं दूध टिकावं म्हणून पण आहे. घरी डबा भरून ठेवलाय, मग आज नाही काढलं तरी चालतंय, असं चार-पाच दिवस केलंस तर महिन्याभरात दूध खरंच कमी होतं, आणि मग सगळे म्हणतात बघा आम्ही सांगत होतो.

दुसरं विचार, धार काढायला रोजचं माणूस सोडून नवं माणूस बसलं तर? म्हैस पान्हा चोरते. अगोदर वासरू सोडावं लागतं, दोन ढुसण्या बसल्या की मग पान्हा फुटतो. तुझी वाटी रिकामी का राहिली त्याचं उत्तर इथं आहे. दूध आत असतं, पण ते सोडणारं हार्मोन वेगळं, ऑक्सिटोसिन (म्हशीला चोरून टोचतात ते इंजेक्शन ह्याच हार्मोनचं), आणि ते घाई, भीती, दुखणं, कुणी दार वाजवेल का असली धाकधूक, ह्या सगळ्यानं अडतं. म्हणून तुझं वासरू तुला सोबत न्यावं लागणार. लेकराची वापरलेली, न धुतलेली कुंची नाहीतर अंगडं पिशवीत ठेव, मोबाईलमध्ये त्याचा हुंकार भरतानाचा नाहीतर रडतानाचा व्हिडिओ ठेव, काढायला बसलीस की आधी कुंची नाकाला लाव. हसू येईल पण कर. काही बायांना मांजर ओरडलं तरी धार लागते, इतकं ते डोक्याशी जोडलेलं असतं.

आणि तिसरं, शिळ्याचं. डेअरीवर दूध घातल्यावर ते बल्क कूलरमध्ये का ओततात? ४ अंशाला गार केलं की नासत नाही म्हणून. काढून किती वेळ झाला एवढ्यावर दूध शिळं होत नसतं, ते ऊबीनं आणि घाणीनं नासतं. आईच्या दुधात तर जंतूंशी लढणाऱ्या जिवंत पेशी आणि इतर गोष्टी असतात त्यामुळं ते गाई-म्हशीच्या दुधापेक्षा जास्त तग धरतं. फक्त एक फरक त्यांना नीट समजावून सांग, म्हशीचं दूध आपण उकळतो, आईचं उकळायचं नाही. उकळलं की त्यातलं रोगाशी लढायचं जे आहे तेच मरतं.

गाईचं दूध पाणी घालून देऊ म्हणतात ते मात्र अजिबात नको. वर्षाच्या आतल्या लेकराला गाईचं दूध पचायला जड, त्यात लोह कमी, आणि पाणी घातलं की ताकद अजून निम्मी, वर ते पाणी कुठलं हा प्रश्न आहेच, जुलाबाची निम्मी लेकरं वॉर्डात ह्याच वाटेनं आलेली मी बघितलीत. ६ महिने पूर्ण होईस्तोवर फक्त अंगावरचं, पाणी पण नाही, उन्हाळ्यात सुद्धा नाही. हे मी सांगते ते माझं स्वतःचं फेडायचं राहिलेलं आहे म्हणून सांगते. माझं थोरलं तीन महिन्याचं असताना मी नाईट ड्युटीला लागले, छाती दगडासारखी व्हायची, गणवेश भिजायचा, मग बाथरूममध्ये जाऊन बेसिनमध्ये दूध पिळून टाकायचे आणि नळ सोडायचे. तिकडं घरी लेकरू पाणी घातलेलं गाईचं प्यायचं. सिस्टर असून! ठेवता येतं हे मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

बरं आता काढायचं कसं. मी तुला आधी हातानंच शिकवणार, पंप नंतर, कारण हाताला लाईट लागत नाही, चार्जर लागत नाही आणि उकळायचे सुटे भाग नसतात. साबणानं हात कोपरापर्यंत धू, नखं कापलेली पाहिजेत, बांगड्या वर सरकव. छाती साबणानं धुवायची नाही, रोजची अंघोळ पुरते. रुंद तोंडाचं भांडं घे, स्टीलची मोठी वाटी नाहीतर छोटं पातेलं, आधी उकळून घेतलेलं, छोट्या वाटीत निशाणा धरायला लागला की निम्मं मांडीवर जातं. ओला गरम रुमाल दोन मिनिटं छातीवर ठेव, मग बोटांच्या पोटांनी हलक्या हातानं गोल गोल चोळ, कणीक मळल्यासारखं नाही, मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो तसं.

मग अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, बोंडापासून साधारण ३-४ सेंटिमीटर मागं, काळा भाग जिथं संपतो त्याच्या आसपास. इथंच सगळ्या चुकतात, बोंडच पिळतात, त्यातून काय निघणार, दूध मागच्या नळ्यांत आहे. आधी हात आत फासळ्यांकडं दाब, मग तिथंच राहून अंगठा आणि बोटं एकमेकांकडं दाब, मग सोड. दाब, आवळ, सोड. बोटं कातडीवरून घसरली नाही पाहिजेत, घसरली की कातडी सोलते आणि उद्या बसावंसं वाटत नाही. पहिले एक-दोन मिनिटं काहीच येणार नाही, घाबरायचं नाही, मग थेंब, मग एकदम दोन-तीन बारीक धारा फवाऱ्यासारख्या उडतात. धार मंद झाली की बोटं थोडी फिरवून घड्याळाच्या काट्यासारखी जागा बदल. एका बाजूला ३ ते ५ मिनिटं, मग दुसरी, मग परत पहिली, असं सगळं मिळून २०-३० मिनिटं. दुखलं तर पद्धत चुकली असं समज, दूध काढताना दुखत नसतं.

सुरुवात आजपासूनच कर, पंधरा दिवस आहेत ना. सगळ्यात सोपी वेळ पहाटेची, रात्री दूध बनवणारं हार्मोन जास्त असतं त्यामुळं सकाळी छाती भरलेली असते. लेकराला एका बाजूला पाज आणि दुसऱ्या बाजूचं काढ, किंवा त्याचं दोन्हीकडचं पिऊन झाल्यावर उरलेलं काढ.

नणंदेचा पंप. बाजारात घरगुती वापराचे बहुतेक पंप एका बाईसाठी बनवलेले असतात, काहींत दुधाची वाफ नळीतून मोटरपर्यंत जाते आणि तिथं बुरशी धरली तर ती धुता येत नाही. नळीत काळे ठिपके, ओल, कुबट वास असं काही दिसलं तर सरळ टाकून दे, नणंदेला काय वाटेल ते वाटू दे. दूध मोटरकडं जाऊच शकत नाही अशी बंद रचना असेल तर मोटर ठेव, पण छातीला लावायचा फनेल, व्हॉल्व्ह, नळी, बाटली हे नवीन घे. फनेलचं माप बघ, बोंड त्यात मोकळं मागं-पुढं झालं पाहिजे, घासत असेल किंवा काळा भागच आत ओढला जात असेल तर माप चुकलंय. जोर वाढवला म्हणजे दूध वाढतं असं नसतं, सोसेल तेवढाच ठेव. पंप लावून शेवटी दोन मिनिटं हातानं काढलं तर अजून बरंच निघतं, आणि मागाहून येतं ते घट्ट, सायीचं.

लागणार किती? ह्या वयातलं लेकरू दिवसाला साधारण ७५० मिलीच्या आसपास पितं, कुणी कमी कुणी जास्त, म्हणजे तासाला ३० ते ४० मिली धर. तू साडेआठ तास बाहेर, म्हणजे २५० ते ३४०. मी तीन डबे ८०-९० चे आणि एक राखीव ६० चा करायला सांगते. एकाच मोठ्या बाटलीत भरू नकोस, एकदा गरम केलं की मागं फिरता येत नाही. चांगली गोष्ट अशी की ६ महिन्यांपर्यंत हा आकडा फारसा वाढत नाही, पाचव्या महिन्यात ३०० चं ६०० होत नाही.

इथं माझं मुख्य म्हणणं ऐक. मोबाईलवर तू बघितलं असशील, बायका फ्रीझरमध्ये पाकिटांच्या चळती लावून फोटो टाकतात, दीडशे पाकिटं, दोनशे पाकिटं. ते आपलं नाही. आपल्याकडं फक्त आजचं उद्याला लागतं. सोमवारी कॉलेजात काढलं ते मंगळवारी लेकरू पिणार, मंगळवारचं बुधवारी. शनिवारचं सोमवारी, मध्ये रविवारी तू घरीच आहेस. पहिल्या सोमवारसाठी तेवढं आधीच्या तीन-चार दिवसांत पहाटेचं साठवलं की गाडी सुरू झाली. साठा जितका मोठा तितकं नुकसान मोठं. मागं एका मे महिन्यात एका बाळंतिणीची पंचवीस-तीस पाकिटं एका रात्रीत गेली, डीपी जळाला, लाईट आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि ती फोनवर अशी रडली की घरात कुणी गेलंय का असं मला वाटलं. दीड महिन्याची पहाट होती ती.

मापं पाठ करून ठेव. फ्रीजमध्ये ४ अंशाला ४ दिवस. २५ अंशापर्यंतच्या खोलीत ४ तास. खरा फ्रीझर, म्हणजे दोन दरवाज्याच्या फ्रीजमधला किंवा डीप फ्रीझर, उणे १८ अंश, त्यात ६ महिने चांगलं, १२ पर्यंत चालतं. तुझ्या एका दरवाज्याच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तितका गार नसतो, त्यात फार तर २ आठवडे, आणि लाईटचा भरवसा नसेल तर मी म्हणते त्यात गोठवूच नकोस.

आता ह्यातलं २५ अंश वाचून हसू आलं असेल, २५ अंशाची खोली परभणीत असते तरी कधी, डिसेंबरात. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२ आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नको. उन्हाळ्यात माझा हिशेब असा की बाहेर ठेवलेलं दूध तासाभरात पाजायचं नाहीतर लगेच गार करायचं, ४ तासांची ती ओळ आपल्यासाठी नाहीच. फ्रीज बंद असेल आणि दुसरं काही नसेल तर जुनी युक्ती, पसरट भांड्यात माठातलं पाणी, त्यात झाकणाचा डबा, भोवती ओलं फडकं, वाऱ्याला ठेवायचं, आपली हवा कोरडी असल्यामुळं ते चांगलं गार राहतं. पण माठ म्हणजे फ्रीज नाही, फार तर दोन तास. आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती चालत नाही.

डबे म्हणशील तर काचेच्या किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या छोट्या डब्या उत्तम, दूध साठवायच्या पिशव्या मिळतात त्या पण चालतात पण एकदाच. तांब्या-पितळेचं भांडं नको. चिकटपट्टी लावून तारीख आणि वेळ लिही, जुनं आधी वापरायचं. फ्रीजच्या दारात ठेवायचं नाही, दार शंभर वेळा उघडतं, आत मागच्या बाजूला ठेव. आणि ताजं कोमट दूध थेट गार दुधात ओतायचं नाही, त्याला वेगळं गार कर, मग मिसळ, तारीख जुनी धरायची.

लाईट गेली तर फ्रीज उघडायचा नाही, बंद फ्रीज साधारण ४ तास गारवा धरून ठेवतो. हे सासऱ्यांना पण सांग, पाण्याची बाटली काढायला तेच उघडतात बहुतेक. दोन-तीन पाण्याच्या बाटल्या बर्फाच्या कप्प्यात कायम गोठवून ठेव आणि लाईट गेली की एकदाच दार उघडून दुधाच्या डब्यांना चिकटवून ठेव. तू घरी नसताना लाईट गेली आणि आली तर कळणार कसं? वाटीभर पाणी गोठव, वर एक रुपयाचं नाणं ठेव. संध्याकाळी नाणं वरच असेल तर ठीक, बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मध्ये वितळून परत गोठलंय, मग दुधाच्या बाबतीत वेळ मोजून ठरव, शंका आली तर ओतून दे. सासूबाईंना टाकवत नसेल तर लेकराच्या अंघोळीच्या पाण्यात घालू दे.

गंगाखेडला काय करायचं. पावणेबाराच्या आसपास एकदा आणि तीनला एकदा, बसल्या जागी २० मिनिटं. प्राचार्यांना नाही तर तिथल्या एखाद्या मॅडमला आधी सांगून ठेव, कडी असलेली खोली पाहिजे, लॅबची मागची खोली, लेडीज रूम, काही पण, फक्त संडास नको, संडासात बसून आपण भाकर खात नाही तर लेकराची भाकर तिथं कशाला काढायची. दूध काढलं की डबी लगेच गार करायची. बर्फाचे पॅक घातलेली जाड अस्तराची डब्याची पिशवी घे, पॅक पूर्ण गोठलेले असतील तर त्यात २४ तासांपर्यंत ठेवता येतं म्हणतात, तुला तर पाचपर्यंतच न्यायचंय. नाहीतर रुंद तोंडाचा थर्मास, त्यात बर्फ, बर्फात डबी. रात्री लाईट नव्हती आणि पॅक गोठले नाहीत तर स्टँडजवळच्या रसवंतीवरून बर्फ घे, पण तो बर्फ कुठल्या पाण्याचा ते देव जाणे, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेव, डबीच्या झाकणाला त्याचं पाणी लागलं नाही पाहिजे. एसटीत पिशवी मांडीवर, इंजिनाकडची सीट नको, खिडकीतल्या उन्हात नको.

आणि घरी आल्यावर एक नवीन गोष्ट ऐकायला मिळेल, उन्हातून आलीस, आधी तापलेलं दूध पिळून टाक आणि मग पाज. ते टाकायचं नाही. छातीतलं दूध उन्हानं तापत नाही आणि नासत पण नाही. हातपाय धू, घाम पूस, पाणी पी, आणि लेकरू घे. तो पाचचा घोट सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सासूबाईंना सांग साडेतीन-चारनंतर पोट टम्म भरून ठेवू नका, फार रडलं तर थोडंसं द्या.

पाजायचं वाटी-चमच्यानं. सासूबाईंकडं बोंडलं (लेकराला पाजायची चोचीची वाटी) असेल तर त्यांना तेच वापरू दे, त्यात त्यांचा हात बसलेला असतो आणि मान पण राहतो. बाटली मी टाळायला सांगते, एक तर तिच्या बूचात दूध अडकून कुजतं, आणि दुसरं म्हणजे तिच्यातून आपोआप गळतं, तीन महिन्याच्या लेकराला ती सवय लागली की छातीला लागल्यावर पहिल्या मिनिटात धार नाही म्हणून चिडतं. लेकरू आडवं करायचं नाही, मांडीवर अर्धवट बसतं धरायचं, वाटीचा काठ खालच्या ओठाला टेकवायचा आणि थांबायचं, ते जिभेनं लपलप ओढतं. घशात ओतायचं नाही. मध्ये मध्ये थांबायचं, तोंड फिरवलं की बस, उरलेल्या दोन घोटांसाठी मागं लागायचं नाही. उष्टं उरलेलं २ तासांच्या आत दिलं तर दिलं, नाहीतर गेलं, परत फ्रीजमध्ये नाही. ह्या सगळ्याची तालीम तू घरी असताना घे, पण तू स्वतः पाजू नकोस, शेजारच्या घरात जाऊन बस, तुझा वास आला की लेकरू वाटी कशाला घेईल.

फ्रीजमधून काढलं की गॅसवर ठेवायचं नाही, मायक्रोवेव्ह तर नकोच, त्यात मध्येच एखादा घोट चटका बसेल इतका गरम होतो. कोमट पाण्याच्या भांड्यात डबी पाच-दहा मिनिटं ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा, गरम वाटला नाही पाहिजे. गोठवलेलं असेल तर आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरव, पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत संपव, परत गोठवायचं नाही. भांडी साबणानं वेगळ्या पातेल्यात धुवायची, सिंकमधल्या खरकट्यात टाकायची नाहीत, रोज एकदा दहा मिनिटं उकळायची आणि स्वच्छ फडक्यावर उपडी वाळवायची.

पहिल्या दिवशी सासूबाई डबी बघून म्हणतील फाटलं. फाटलेलं नसतं, वर साय जमते आणि खाली निळसर पातळ राहतं, गोल हलवलं की एक होतं. रंग कधी पिवळट, कधी निळसर, पालक-मेथी जास्त खाल्ली तर जरा हिरवट पण दिसतो. कधी कधी ठेवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो, त्यातल्या लायपेज नावाच्या पाचक द्रव्यामुळं, ते नासलेलं नसतं आणि बरीच लेकरं गुपचूप पितात. आंबट, खरंच नासका वास आला तर मात्र टाक. माझ्या एका बाळंतिणीच्या सासूनं तर माझ्यासमोर बोट बुडवून चाखलं, आणि म्हणाली, गोड हाय की गं. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही.

छातीत गाठ धरली, लाल झालं, तर पाजायचं बंद करू नको, उलट त्याच बाजूचं पाज. पण गाठ फुटेस्तोवर रगडायची नाही, मालिशवाली बाई जोर लावते तिला थांबव, सूज वाढते. पाजल्यानंतर थंड फडकं ठेव. अंगात ताप भरला, थंडी वाजली, किंवा एका दिवसात उतार नाही तर डॉक्टर, त्याच दिवशी. औषध लिहून देताना मी पाजतेय हे सांग, बहुतेक औषधं चालतात, न विचारता पाजणं तोडू नको. दूध वाढवायला हळीव, डिंक, शेपू, खसखस खा, पोटभर भाकर खा, काही वाईट नाही, पण लाडवांनी दूध वाढतं त्यापेक्षा लेकरू ओढल्यानं आणि काढल्यानं जास्त वाढतं. मशेरी लावत असशील तर सोड, निकोटिन सरळ दुधात उतरतं, आणि हे मी विचारते कारण शिकलेल्या बायका पण लपून लावतात. आणि शेजारणीचं काढलेलं दूध घेऊ नको नि कुणाला देऊ नको, आईच्या दुधाच्या पेढीत (मिल्क बँक) सुद्धा दिलेलं दूध आधी ६२.५ अंशाला ३० मिनिटं ठेवूनच लेकरांना देतात.

कायद्यात पहिल्या दोन लेकरांसाठी २०१७ पासून २६ आठवडे पगारी रजा आहे आणि लेकरू १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवशी पाजायला दोन जादा सुट्ट्या आहेत. सीएचबीवाल्यांना कॉलेज काय उत्तर देतं ते मला माहिती आहे, तरी लेखी अर्ज दे, निदान तीनच्या वीस मिनिटांना कुणी नाक मुरडणार नाही.

पहिल्या दिवशी लेक्चरच्या मध्येच कुठल्यातरी पोराचा मोबाईल वाजेल नाहीतर बाहेर कुणाचं लेकरू रडेल आणि तुला धार लागेल. दोन्ही हात घडी घालून तळव्यांनी छाती अर्धा मिनिट सरळ आत दाबून धर, थांबतं. ब्राच्या कपात सुती फडक्याच्या चार पदरी घड्या ठेव, दुपारी बदल. साधा रंग घालू नको, बारीक फुलाफुलांचा, गडद कुर्ता घाल, आणि एक जादा कुर्ता पिशवीत, बर्फाच्या पॅकपासून लांब, नाहीतर तो पण ओलाच निघेल.